निकाली निघालेल्या दाव्यांचे कागद

आज सकाळी फोंड्याच्या एका हॉटेलात चहा घेत असताना शेजारच्या टेबलावरचा एक तरुण वकील मोठ्या थाटात सांगत होता की, निकाली निघालेल्या जुन्या दाव्यांची दप्तरे न्यायालयांनी आता नष्ट करावीत. निकालपत्र तेवढे जपले म्हणजे झाले, बाकी सगळी रद्दी. १९१७ सालचा कायदा तशी मुभा देतो, हेही त्याने ऐकवले. देतो, नाकारतो कोण? पण बरोबरची चार शिकलेली माणसे माना डोलावत होती, त्याचा मला अधिक संताप आला.

निकालपत्रात कोण जिंकले आणि कोण हरले एवढेच कळते. माणसे भेटतात ती जबान्यांत, याद्यांत आणि अर्जांत.

माझे आजोबा तरुणपणीच वारले. मुले अज्ञान होती, त्यामुळे त्या काळच्या पोर्तुगीज न्यायालयात त्यांच्या मालमत्तेचे इन्व्हेंतार, म्हणजे वारसांत वाटणी करण्यासाठीची न्यायालयीन मोजदाद, झाले. त्या दप्तरात माड मोजलेले आहेत, दोन समया आहेत, कुळाकडून येणे असलेले भात आहे. आणि मध्येच दुभाष्याकरवी नोंदवलेले आजीचे म्हणणे आहे की, तांब्याचा हंडा तिच्या माहेरचा आहे, तो यादीत धरू नये. तिचा एकही फोटो आमच्या घरात नाही. तिचे म्हणून एवढे एकच वाक्य उरले आहे, तेही परक्या भाषेत आणि कारकुनाच्या अक्षरात. निकालपत्रात त्या हंड्याचा उल्लेखही नाही.

मराठेशाहीचे महजर आणि निवाडपत्रे, म्हणजे त्या वेळच्या न्यायसभांच्या निकालांचे कागद, तरी कोणी इतिहासासाठी लिहिली होती? भांडण वतनाचे किंवा पाटीलकीचे असायचे. पण गोतसभेपुढे, म्हणजे गावकरी आणि वतनदारांच्या न्यायसभेपुढे, वादी-प्रतिवादी आपापला करीना, म्हणजे हकीकत, सांगू लागले की दुष्काळात परागंदा झालेली कुटुंबे, बलुतेदारांचे हक्क, शिवेवरच्या मारामाऱ्या, सारे कागदावर उतरत असे. अशाच कागदांवरून मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेचा अभ्यास करणारे डॉ. वि. त्र्यं. गुणे पुढे आपल्याच गोव्याच्या पुराभिलेखागाराचे प्रमुख झाले, हे त्या वकिलाला कोणी तरी सांगायला हवे. खटल्यात माणसे खोटे बोलतात, हे मान्य. पण खोटे बोलणाराही त्या काळी खरे वाटेल असेच बोलतो, आणि तेवढ्यावरूनही त्या काळाबद्दल पुष्कळ कळते. माझ्या आजीचा हंडा खरोखर माहेरचा होता की नव्हता, हे मला कळणार नाही. माहेरच्या वस्तूवर आपला हक्क आहे असे न्यायाधीशापुढे सांगण्याची धमक तिच्यात होती, हे मात्र कळले.

कागद गेले की काय होते, हे गोमंतकीयांना वेगळे सांगायला नको. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारे पोर्तुगीजांचे धर्मन्यायालय, १५६० मध्ये आले, १७७४ मध्ये बंद झाले, १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे उठले. त्यानंतर इथल्या बहुतेक खटल्यांचे कागद नष्ट करण्यात आले. लिस्बनमध्ये १६२३ पर्यंतच्या खटल्यांची एक सूची उरली आहे. तिच्यात आरोपींची नावे सापडतात. पण त्या माणसांनी उलटतपासणीत काय सांगितले, कोणाकडे बोट दाखवले, कोणाला वाचवले, हे पुसले गेले ते गेलेच. ज्यांनी छळले त्यांची लाज झाकली गेली आणि ज्यांनी सोसले त्यांची वाणीही त्याबरोबर गेली. आणि आता आपण तेच स्वतःच्या हाताने करायचे? जागा हवी म्हणून?

जागेची अडचण खरी आहे. आपल्या पावसाळ्यात कागद दमटतो, वाळवी लागते, हेही खरे. पोर्तुगीजकालीन दस्तऐवजांत फेरफार करून लोकांच्या जमिनी लाटल्या गेल्या आणि २०२२ साली सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले, हे तर सगळ्यांनी वाचले आहे. पण मूळ कागदच नसेल तर बनावट कागद कशाशी ताडून पाहणार? स्कॅन जरूर करावे. मात्र शाई, शिक्के आणि दप्तराची शिवण स्कॅनमध्ये तपासता येत नाहीत.

माझी मागणी साधी आहे. कोणतेही जुने दप्तर नष्ट करण्यापूर्वी त्याची यादी तालुकावार प्रसिद्ध व्हावी, वारसांना आणि अभ्यासकांना पुरेशी मुदत मिळावी, आणि १९६१ पूर्वीचा एकही कागद पणजीच्या पुराभिलेखागाराच्या लेखी संमतीशिवाय न्यायालयाबाहेर जाऊ नये. माझ्या मित्रयादीत जे वकील आहेत, त्यांनी हा विषय आपापल्या बार असोसिएशनच्या पुढच्या बैठकीत मांडावा. अर्जाचा मसुदा मी करून देतो.