हलगी 'रिप्लेस' करणाऱ्यांबद्दल

आज सकाळी एका पोराचा मेसेज आला. विशीतला आहे, सांगलीकडचा, घरातल्या खोलीत लॅपटॉपवर बीट्स बनवतो आणि अधूनमधून मला ऐकायला पाठवतो. मी मनापासून ऐकते कारण कान चांगलाय त्याचा. तर आज ट्रॅक पाठवला आणि खाली एकच प्रश्न, "ताई, किक एकदम मेट्रो बूमिनसारखी बसलीय ना?" मेट्रो बूमिन म्हणजे अमेरिकेतला मोठा हिप-हॉप प्रोड्युसर, आणि किक म्हणजे ड्रमचा खालचा धप्प ठोका. गाणं कसं वाटलं, मधला भाग लांबतोय का, आवाज दबतोय का, काही नाही. किक त्याच्यासारखी आहे का एवढंच. त्यासाठी पोराने पार्टटाइम कामाच्या पैशातनं ड्रम किट, म्हणजे तयार ठोक्यांच्या फाइली, विकत घेतलंय.

सकाळपासून डोकं तापलंय माझं. पोरावर नाही, आधीच सांगते.

मला हलगीवाले मामा आठवले. नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही. काही वर्षांपूर्वी एका गाण्याचं रेकॉर्डिंग होतं, मी इंजिनिअर होते, आणि मामा कराडच्या पलीकडनं एसटीने हलगी घेऊन आलेले. आल्या आल्या खाली पार्किंगमधे गेले, रद्दी पेटवली आणि हलगी शेकायला घेतली. वॉचमन ओरडायला लागला, मी खाली जाऊन त्याला समजावलं. स्टुडिओत एसी, त्यामुळे दोन टेक झाले की कातडं उतरायचं आणि मामा परत खाली. एका हातात लांब बारीक काडी, दुसऱ्यात आखूड जाड काठी. त्या बारीक काडीचा जो चटका होता ना, माइकवर काहीही न लावता तो असा यायचा की काचेच्या अलीकडे बसलेले आम्ही सगळे सरळ होऊन बसलो. गरम असताना एक आवाज, उतरायला लागली की दुसरा, आणि मामा त्या उतरण्याप्रमाणे मार बदलत होते. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

आणि मामा गेल्यावर संगीतवाल्यांनी काय केलं? "थोडं मॉडर्न पाहिजे" म्हणाले, फोल्डर उघडला, एका मोठ्या अमेरिकन प्रोड्युसरच्या नावाने फिरणारा स्नेअर, म्हणजे ड्रमच्या तडक ठोक्याचा तयार आवाज, काढला आणि मामांच्या प्रत्येक ठोक्यावर बसवला. मग सगळं ग्रिडला क्वांटाइझ, म्हणजे प्रत्येक ठोका स्क्रीनवरच्या तालाच्या रेघेवर तंतोतंत नेऊन बसवायचा. मग खालची हलगी म्यूट. मी म्हणाले, निदान दोन्ही ठेवा, लेअर करू. तर उत्तर आलं, रेफरन्स मॅच होत नाहीये.

रेफरन्स मॅच! म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याशी आपलं गाणं जुळवायचं आणि जे जुळत नाही ते फेकून द्यायचं, आणि फेकलं काय तर जगात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं तेच.

आता हे जे मोठमोठे आवाज आहेत ज्यांच्या मागे सगळे लागलेत ते आले कुठनं हे कुणी बघत नाही. रोलँड कंपनीचं टीआर-808 हे ड्रम मशीन घ्या. आजकाल पोरं कुठल्याही लांबलचक बेसला 808 म्हणतात. मशीन आलं 1980ला आणि 1983ला बंदही झालं, साधारण बाराच हजार विकली गेली. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून लोकांनी नाकं मुरडली. त्यातला तो चरचरीत आवाज यायचा सदोष ट्रान्झिस्टरमधनं, रोलँडचे संस्थापक काकेहाशींनी मुद्दाम तसले घेतलेले, आणि ते मिळेनासे झाले तसं मशीनही संपलं. मग सेकंडहँडमधे स्वस्तात मिळायला लागलं म्हणून ते अशा पोरांच्या हातात गेलं ज्यांच्याकडे महागडं काही घ्यायला पैसेच नव्हते, आणि त्यांनी जे हातात आलं त्यातनं आपलं काढलं.

आणि आपल्या मुंबईत चरणजीत सिंग! हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमधे वाजवणारा माणूस, त्याने 1982ला हेच 808 आणि सोबत टीबी-303 हे बेस वाजवणारं मशीन घेतलं आणि डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवले. अख्खी रेकॉर्ड केली रागांची. शिकागोतनं ॲसिड हाऊस, ह्याच 303च्या आवाजावरचं नाचाचं संगीत, यायला अजून काही वर्षं होती. तेव्हा कुणी विचारलं नाही त्या माणसाला, पुढे 2010ला रेकॉर्ड परत निघाली तेव्हा जगाने तोंडात बोटं घातली. मशीन तेच होतं, फॅक्टरीतनं आलेले आवाजही तेच, तरी ते कुणासारखंच वाजत नाही कारण हात आणि डोक्यातले राग त्याचे होते.

80च्या दशकातला तो धाडकन वाजून कापल्यासारखा बंद होणारा स्नेअर, गेटेड रिव्हर्ब, तो सापडला लंडनच्या टाउनहाऊस स्टुडिओत. इंग्लिश गायक पीटर गॅब्रिएलचं रेकॉर्डिंग, ड्रमवर फिल कॉलिन्स, इंजिनिअर ह्यू पॅजम. आत वाजवणाऱ्यांचं बोलणं बाहेर ऐकू यावं म्हणून छताला जो माइक असतो त्याच्यावर जबरदस्त कॉम्प्रेसर होता, तो चालू राहिला आणि त्यातनं ड्रम ऐकू आले. काहीतरी भन्नाट वाजतंय हे ओळखायला तिथे माणसं होती. पुढे तो आवाज बटणावर मिळायला लागला आणि मग वर्षानुवर्षं जो तो तेच बटण दाबत बसला.

डेट्रॉइटचा बीट बनवणारा जे डिला, त्याचं पण तेच. त्याच्या बीट्समधे एखादा आवाज ग्रिडच्या किंचित आधी पडतो, एखादा किंचित मागे, आणि त्या ओढाताणीत सगळी मजा आहे. त्याचं एमपीसी 3000 हे बीट बनवायचं मशीन आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या म्युझियममधे ठेवलंय. आणि लोक काय शोधतात तर 'डिला स्विंग' किती टक्के ठेवू. मामा पण असंच वाजवत होते हो! बारीक काडी ठोक्याच्या अगदी जरा आधी यायची, जड काठी मागनं रेलून. स्क्रीनवर दिसत होतं मला, सगळे ठोके रेघेच्या आजूबाजूला. डेट्रॉइटच्या माणसाने केलं तर जीनियस आणि कराडच्या माणसाने केलं तर 'टायमिंग साफ करून घे'. हे ऐकून घ्यायचं आपण?

आता कॉमेंटमधे येणारच की ताई, शिकताना नक्कल करावीच लागते, तबल्यात तरी दुसरं काय करतात, गुरू वाजवतो ते शिष्य वाजवतो. बरोबर आहे. आणि हो, अमेन ब्रेक ह्या एका जुन्या गाण्यातल्या ड्रमच्या तुकड्यावर जंगल आणि ड्रम अँड बेस हे अख्खे संगीतप्रकार उभे राहिले तेही मान्य, चोरीच्याच आवाजावर. पण त्यांनी त्या सहा-सात सेकंदांचे तुकडे तुकडे करून असं काही रचलं की ओळखू येईना. आणि 1969ला तो ब्रेक ज्याने वाजवला त्या ग्रेगरी कोलमनला त्यातनं काही मिळालं नाही, तो 2006ला तसाच गेला. हे पण लक्षात असू द्या.

आणि तबल्याचं म्हणाल तर तिथे नक्कल हाताने करायची असते. गुरूसारखा 'धा' काढायला जाता तेव्हा तुमची बोटं तुमची असतात, मनगट तुमचं असतं, तो 'धा' कधीच तंतोतंत येत नाही आणि त्या न येण्यातच हळूहळू तुमचा 'धा' तयार होतो. मामा वडलांचं बघून शिकलेले. म्हणाले होते, वडील दणकट, त्यांचा मार सगळा जाड काठीवर, माझ्यात तेवढा जोर नव्हता म्हणून मी बारीक काडीवर गेलो. बघा ना! फाईल डाउनलोड केली तर हे कुठनं होणार? ती तंतोतंतच येते. त्यात तुमचा कमीपणा शिरायला जागाच नाही, मग तुम्ही तरी कुठनं शिरणार?

असो. मी पोराचा ट्रॅक परत ऐकला, हेडफोनवर, नीट. आणि दुसऱ्या अंतऱ्यात, एकदम खाली दाबलेला, एक क्लॅप सापडला. वेडावाकडा, तीन-चार जणांनी मारलेला, मागे कुणीतरी हसतंय. विचारलं हे कुठलं, तर म्हणे मित्र आलेले तेव्हा मोबाइलवर घेतलंय, खराब आहे म्हणून कमी ठेवलंय. अरे बाळा, तेच तर आहे तुझं! मी त्याला कळवलं, तो विकतचा स्नेअर काढ आणि हे वर आण. किकचं नंतर बघू. नुसतं 'बरं ताई' म्हणाला, पटलं की नाही माहीत नाही, आणि नाही पटलं तरी मी रागावणार नाही, त्या वयात सगळ्यांना कुणासारखं तरी व्हायचं असतं.

राग येतो तो हे ज्यांना कळतं त्यांचा. ज्यांच्याकडे बजेट आहे, स्टुडिओ आहे, समोर हलगीवाला, संबळवाला बसलाय, आणि तरी ज्यांचा हात आधी फोल्डरकडे जातो. ते गाणं आलं तेव्हा मामांनी नातवाच्या फोनवर ऐकलं आणि मला फोन केला. चिडले नाहीत. विचारलं, "पोरी, ह्यात माझी हलगी कुठाय?" क्रेडिटमधे नाव होतं त्यांचं. आवाज नव्हता. काय सांगणार होते मी त्यांना?

तर आता कामाचं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, कुठेही, तुमच्या ओळखीत हलगी, संबळ, डफ वाजवणारं कुणी असेल तर मला इनबॉक्स करा. मी माइक घेऊन तिकडे येते, एसी नसलेल्या जागेत रेकॉर्ड करू, शेकायला जाळ बाजूलाच. स्टुडिओत जो मोबदला देतात तोच देईन, माझ्या खिशातनं. त्याचं सॅम्पल पॅक, म्हणजे तयार आवाजांच्या फाइलींचा संच, निघणार नाही, कृपया मागू नका. ज्या बीटवाल्यांना ते वाजवणं हवंय त्यांनी सोबत यावं, वाजवणाऱ्यासमोर बसावं, त्याला आपलं गाणं ऐकवावं आणि तो काय वाजवतो ते घ्यावं. जायचं-यायचं मी बघते.