चाकांची पालखी

दुसरं मूल झालं की घरात पहिला वाद नावावरून होतो आणि दुसरा बाबागाडीवरून. नावाचा वाद बारशाला मिटतो. बाबागाडीचा, कोकणात राहत असाल तर, पुढचा पावसाळा येईपर्यंत चालतो. एकेरी घ्यायची की दुहेरी? गणपतीला आलेले चाकरमानी ठासून सांगतात, "दुहेरीच घ्या, दोघं एकदम बसतात." बसतात हो. अडचण बसल्यानंतर सुरू होते.

बाबागाडी ढकलायची असते, असं तिच्या खोक्यावरचं चित्र म्हणतं. त्या चित्रात पाखाडी नसते. आमच्याकडे घर आणि रस्ता यांच्यामध्ये जांभ्याच्या पायऱ्या, आणि त्यातल्या दोन सारख्या उंचीच्या निघाल्या तर तो गवंड्याचा विसरभोळेपणा. तिथे गाडी शिमग्यातल्या पालखीसारखी उचलावीच लागते. म्हणून मुलं किती हे नंतर मोजा, आधी भोई मोजा. हलकी एकेरी गाडी सहा-सात किलोची. ती दुमडून एका हातात आणि पोर दुसऱ्या कडेवर, असं एकटं माणूस पाखाडी चढतं. दुहेरी बारा ते सोळा किलोची, वर तान्हं आणि दोन वर्षांचं बसलं की तीसच्या पुढे. शिवाय मुलांसकट गाडी उचलायची नसते. पुढून धरायला सोयीचा दिसतो तो आडवा दांडा बहुतेक गाड्यांना काढता-घालता येणारा असतो, आणि तो नेमका चौथ्या पायरीवर निघतो. म्हणजे दोन भोई गाडीला, दोन मुलांना. भर दुपारी चार माणसं मिळत असतील त्यांनी खुशाल दुहेरी घ्यावी.

ओटीवर बसलेल्या आजीचा प्रश्न मात्र ठरलेला: "अगो, चाकं आहेत ना तिला? मग उचलून का नेताय?"

दुहेरीतही दोन जाती. शेजारी-शेजारी बसवायची गाडी पंचाहत्तर ते ऐंशी सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ अडीच फूट रुंद. टेप लावताना सीटला लावू नका, मागच्या चाकांना लावा. रुंदी तिथेच सगळ्यात जास्त असते. मग घराचं दार मोजा, पण पूर्ण चौकट नव्हे. जुन्या घराच्या दाराला दोन फळ्या, त्यातली एक कायमची अडकवलेली, आणि उरलेल्या वाटेला वीतभर उंबरा. शेवटी गडग्यातलं बेडं, म्हणजे दगडी कुंपणातली ये-जा करायची वाट, मोजा. ते गुरं आत येऊ नयेत म्हणून अरुंद ठेवलेलं असतं आणि गुरं व दुहेरी गाडी यांत भेद करत नाही. शेजारी बसलेल्या दोघांना दिसतं सारखं, सीट दोघांची आडवी होते. पण हातही पोचतात. एकाच्या बिस्किटाचं उत्तर दुसरा केस ओढून देतो.

पुढे-मागे बसवायची गाडी बेड्यातून जाते. वळत मात्र नाही. पुढे वजन असल्याने पायरीवर पुढची चाकं उचलायला ढकलायच्या दांड्यावर सगळा भार टाकावा लागतो. पुढचं झोपलं की त्याची पाठ मागच्याच्या मांडीवर, आणि मागच्याला दिसतं काय तर भावाचं टाळकं.

माझं मत विचाराल तर जुळी असतील तरच दुहेरी, आणि तीही शेजारी-शेजारीची. दोघांत अडीच-तीन वर्षांचं अंतर असेल तर मोठं एकेरीत आणि तान्हं छातीशी बांधलेल्या कॅरियरमध्ये. नाक-तोंड मोकळं आणि हनुवटी छातीला टेकलेली नाही, एवढं बघत राहायचं. तान्ह्यालाच गाडीत घालायचं तर सीट पूर्ण आडवी होणारीच हवी. सहाएक महिन्यांपर्यंत त्याला बसवायचं नसतं. मोठ्याला मागे उभं राहायची चाकांची पाटी मिळते. ती शहरातल्या फरशीवर झकास चालते. जांभ्यावर तिच्यावरचं पोर दाणे चाळल्यासारखं हलतं.

उन्हासाठी गाडीवर साडीचा पदर किंवा पंचा टाकायची सवय घातक. आतली हवा कोंडून तापते. डासांसाठी जाळी लावा, उन्हासाठी सावली शोधा.

दुसरी सवय दांड्याला पिशवी अडकवायची. बाजारातून येताना तीन नारळ, आंब्याचं लोणचं, वर सुकटीची पुडी. मूल बसलंय तोवर तोल राहतो. ते उचलून घेतलं की गाडी उताणी, आणि लोणचं सीटवर. जड सामान खालच्या जाळीत, चाकांच्या मधोमध.

समुद्रावर लहान चाकांची गाडी ढकललीत तर पुढची चाकं आडवी फिरून पुळणीत रुततात. उलटी फिरवून ओढा. घरी आल्यावर चाकं गोड्या पाण्याने धुवा, पुसा, वाळवा. मग घरातलं कुणीतरी खोबरेल घेऊन येईल, त्यांना नम्रपणे थांबवा. तेलाला वाळू चिकटते आणि चाकाच्या आत पाटा-वरवंटा सुरू होतो. सिलिकॉनचा कोरडा फवारा मारावा. पावसात भिजलेली गाडी दुमडून माळ्यावर टाकलीत तर आठवड्यात सीटवर बुरशी धरते.

दुहेरीच्या बाजूने एक सांगायला हवं: दाभोळ-धोपावे फेरीबोटीत ती मोटारींसाठीच्या उतारावरून रुबाबात आत जाते. बोटीत ब्रेक लावा आणि एक हात दांड्यावर ठेवा.

आणि मुलं मोठी झाल्यावर ती वाया जात नाही. खळ्यातून पडवीपर्यंत एका सीटवर दहा, अशा दोन सीटवर वीस सोललेले नारळ आरामात येतात. नारळांना शेंड्या असतात, पण शेजारचा ओढत नाही.