‘तीस सेकंदांपर्यंत गाणे चालते’ या समजाविषयी खुलासा

चित्रपटगीताचा 30 सेकंदांहून छोटा तुकडा लघुपटात वापरून श्रेयनामावलीत गायकाचे नाव दिले की परवानगीची गरज उरत नाही, असा संदेश चित्रपटशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये फिरत असतो. तो चुकीचा आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांची अशी कोणतीही सवलत नाही, आणि श्रेय देणे म्हणजे परवानगी घेणे नव्हे. कलम 52 शिक्षणाच्या ओघातील वापराला मुभा देते. त्यामुळे वर्गात संकलनाच्या सरावासाठी गाणे टाइमलाइनवर घेणे वेगळे आणि तोच लघुपट महोत्सवाला पाठवणे किंवा यूट्यूबवर चढवणे वेगळे.

‘गाणे जुने आहे’ हा युक्तिवादही (तो फार आत्मविश्वासाने केला जातो) अर्धवटच आहे, कारण एका गाण्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क आणि शब्द-चालीचे हक्क स्वतंत्र असतात. 1955 साली प्रकाशित झालेले ध्वनिमुद्रण 60 वर्षांची मुदत संपल्याने 2016 पासून मोकळे झाले असले, तरी त्याचा संगीतकार 1990 साली निवर्तला असेल, तर चाल त्याच्या निधनानंतर 60 वर्षे, म्हणजे 2050 अखेरपर्यंत, संरक्षितच राहते.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे (निर्मात्याने ठरावीक अटींवर वापरायला खुले केलेले) संगीत घेताना परवान्याचा प्रकार वाचावा: ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे त्यावर आधारित नवी कृती करण्यास मनाई) असलेले संगीत दृश्यांवर बसवता येत नाही. मित्राच्या आजीकडून पारंपरिक ओवी गाऊन घेणे हा उत्तम पर्याय आहे. मात्र ओवीवर कुणाची मालकी नसली, तरी आजींची लेखी संमती आवश्यक आहे.