पैसे परत आले, पण पत्ता बदलून

नमस्कार काका,

तुम्ही नावाखाली 'निवृत्त बँक अधिकारी, नाशिक' असं लिहिलंय, म्हणून काका म्हणायचं धाडस करतोय. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वाटलं की यातलं निम्मं बरोबर आहे. खालच्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून वेगळं लिहायला बसलो.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: आयर्लंडने पेन्शनसाठी साठवलेले पैसे बँका वाचवताना बुडवले, आता नवा फंड काढलाय आणि त्याचंही तेच होणार, असं मी लिहिलं होतं. तुमचे आक्षेप तीन. एक, पैसे बुडालेच नाहीत. दोन, पेन्शनचं वय ६६ वर रोखणं ही मतांची लाचारी आहे आणि मी तिला 'लोकांचा विजय' म्हटलं. तीन, आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर मूळचे मालवणकडचे म्हणून मी त्यांना सांभाळून घेतलं.

पैशांच्या मुद्द्यावर तुम्ही मला पकडलंत. २००१ साली फिअना फॉल या पक्षाचे अर्थमंत्री चार्ली मॅक्रीव्ही यांनी हा फंड सुरू केला. सरकारी टेलिफोन कंपनी विकून आलेल्या पैशातून सुरुवात, मग दरवर्षी राष्ट्रीय उत्पन्नाचा एक टक्का, आणि २०२५ पर्यंत कोणी हात लावायचा नाही, असं कायद्यातच लिहिलेलं. २००९ मध्ये त्याच फंडातून बँक ऑफ आयर्लंड आणि एआयबी या दोन बँकांत साडेतीन-साडेतीन अब्ज युरो घातले गेले, आणि पुढच्या दोन वर्षांत हा आकडा वीस अब्जांच्या वर गेला. इथपर्यंत मी लिहिलं होतं. पुढचं लिहिलं नव्हतं, ते तुम्ही लिहिलंत: बँक ऑफ आयर्लंडमधून सरकार २०२२ मध्ये पूर्ण बाहेर पडलं ते सुमारे दोन अब्ज नफा घेऊन, आणि एआयबीचे शेवटचे शेअर जून २०२५ मध्ये विकले तेव्हा घातलेले पैसे जवळपास वसूल झाले होते. म्हणजे 'बुडवले' हा शब्द चुकला.

पण काका, तुम्ही बँकेत होतात. गिऱ्हाईक म्हातारपणासाठी ठेवलेली एफडी धंद्यातल्या अडचणीपायी मुदतीआधी मोडतो. चार-दहा वर्षांनी धंदा सावरतो, पैसे येतात. तो ते पुन्हा एफडीत ठेवतो का? इथेही तेच. २०१४ च्या अखेरीस तो पेन्शन फंड गुंडाळला आणि उरलेली रक्कम आयर्लंड स्ट्रॅटेजिक इन्व्हेस्टमेंट फंड नावाच्या नव्या खात्यात गेली. त्याचं काम आयर्लंडमधल्या उद्योगांत पैसे गुंतवणं आणि रोजगार वाढवणं. वाईट काम नाही. पण २०२५ उजाडलं, ज्या साली पहिल्यांदा कुलूप उघडायचं होतं, तेव्हा त्या कुलपाखाली पेन्शनच्या नावाचं काही शिल्लक नव्हतं. पैसे परत आले, पण पत्ता बदलून.

आणि हे काही चोरून झालं नाही. साध्या बहुमताने केलेला कायदा २००९ मध्ये साध्या बहुमतानेच बदलला. कुलूप आणि किल्ली एकाच खिशात असली की असंच होतं.

'फिअना फॉलवर राग काढलाय' असंही तुम्ही म्हणता. बरं, मग दुसऱ्यांचं ऐका. २०११ च्या निवडणुकीत लोकांनी फिअना फॉलला वीस जागांवर आणून बसवलं आणि फिना गेल व लेबर यांचं सरकार आलं. त्यांचे अर्थमंत्री मायकेल नूनन यांनी त्याच वर्षी लोकांच्या खासगी पेन्शन फंडांवर वर्षाला ०.६ टक्के कर लावला, सलग चार वर्षं. का? तर हॉटेलं आणि पर्यटनावरचा व्हॅट ९ टक्क्यांवर आणायचा होता, त्याची भरपाई. माझ्या इथल्या, आयर्लंडमधल्या ऑफिसात एक कॉर्कच्या बाई आहेत, निवृत्तीला आल्यात. त्यांनी ती जुनी स्टेटमेंट्स फाईलला लावून ठेवली आहेत. मला दाखवताना त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "बघ, कोणा टुरिस्टने खाल्लेल्या जेवणाचं बिल इथे लागलंय." सरकारी पेटी असो की स्वतःच्या नावाची, अडचणीच्या वर्षी दोन्हीकडे हात गेला, आणि हात वेगवेगळ्या पक्षांचे होते.

म्हणून नव्या फंडाबद्दल मी साशंक आहे. फिअना फॉलचेच मायकेल मॅक्ग्रा यांनी ऑक्टोबर २०२३ च्या बजेटमध्ये 'फ्युचर आयर्लंड फंड' मांडला. मोजक्या अमेरिकन कंपन्यांच्या करातून तिजोरी ओसंडत होती, तेव्हा २०२४ पासून २०३५ पर्यंत दरवर्षी जीडीपीच्या ०.८ टक्के बाजूला काढायचे आणि २०४१ आधी काढायचे नाहीत. कल्पना चांगलीच आहे. पण 'त्याचंही तेच होणार' हे मी भविष्य सांगितल्यासारखं लिहिलं, तेवढं मागे घेतो. होऊ शकतं, एवढंच म्हणायला हवं होतं.

आता वय. इथे मात्र मी सहजासहजी हटणार नाही.

आधी एक गंमत. १९०९ मध्ये इथे पहिल्यांदा वृद्धांना पेन्शन मिळाली तेव्हा वयाची अट सत्तर होती. पण सरकारी जन्मनोंदणी सुरू झालेली १८६४ ला, त्यामुळे म्हाताऱ्यांकडे दाखला कुठला? मग विचारायचे, ६ जानेवारी १८३९ च्या रात्रीचं मोठं वादळ आठवतं का? 'त्या रात्री मी स्वतःच्या हाताने बटाटा खाण्याएवढा होतो' असं सांगणारे म्हणे गावोगावी निघाले! पुढे १९२४ मध्ये अर्नेस्ट ब्लाइथ या मंत्र्यांनी पेन्शनीतला एक शिलिंग कापला. फिना गेल हा त्यांच्या पक्षाचा वारसदार, आणि तो शिलिंग आजही अधूनमधून भाषणांत निघतो. शंभर वर्षं झाली. तेव्हा पेन्शनवर निवडणूक फिरते यात अतिशयोक्ती नाही.

२०२० च्या निवडणुकीत काय झालं ते बघा. वय वाढवायचं वेळापत्रक २०१० मध्ये फिअना फॉल आणि ग्रीन पक्षाच्या सरकारने आखलं, २०११ मध्ये फिना गेल आणि लेबरने त्याचा कायदा केला: २०१४ पासून ६६, २०२१ मध्ये ६७, २०२८ मध्ये ६८. कागदावर गणित चोख. पण कित्येकांच्या नोकरीच्या करारात निवृत्ती ६५ लाच लिहिलेली. मधलं वर्ष काय खायचं? तर बेकार भत्ता. चाळीस वर्षं काम केलेला माणूस पासष्टाव्या वर्षी 'मी नोकरी शोधतोय' म्हणून सही करायला जाणार, आणि २०२१ पासून हे दोन वर्षं चालणार. प्रचारात दारोदारी फिरणाऱ्यांना हेच ऐकायला मिळालं. शिन फेन पक्षाने ६५ चं आश्वासन दिलं, कामगार संघटनांनी 'स्टॉप ६७' मोहीम काढली, आणि ज्या लेबरने कायदा केला होता तेही ६६ वर थांबा म्हणू लागले. याला लाचारी म्हणायचं तर सगळ्यांनाच म्हणा.

'मग पैसे कोण देणार?' हा तुमचा प्रश्न रास्त आहे. आज एका पेन्शनरामागे कामाच्या वयाची चार-साडेचार माणसं आहेत, २०५० च्या सुमारास ती दोनाच्या जवळ येतील. सरकारनेच नेमलेल्या आयोगाने २०२१ मध्ये सांगितलं की २०३१ पर्यंत ६७ आणि २०३९ पर्यंत ६८ करा. सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारने ते नाकारलं. पण फुकट नाही नाकारलं, काका. माझी पगाराची स्लिप समोर आहे. पीआरएसआय म्हणजे सामाजिक विम्याचा हप्ता वर्षानुवर्षं ४ टक्के होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये ४.१, ऑक्टोबर २०२५ मध्ये ४.२, आणि २०२८ पर्यंत ४.७ व्हायचा आहे. एवढ्याने भागेल असं मलाही वाटत नाही. पण 'कोणीच किंमत मोजत नाही' हे तुमचं वाक्य निदान माझ्या स्लिपवर तरी खोटं ठरतं.

जाता जाता, जुन्या पेन्शनच्या आपल्याकडच्या वादाशी तुम्ही तुलना केलीत, ती इथे लागू होत नाही. मी बोलतोय ती इथे सरकारकडून सगळ्यांनाच मिळणारी पेन्शन, ती शेवटच्या पगारावर ठरत नाही. ६६ व्या वर्षी सुरू केली तर पूर्ण पेन्शन आठवड्याला २९९ युरो ३० सेंट (२०२६ चा दर), साहेबाला तेवढेच आणि शिपायाला तेवढेच. आणि पूर्ण मिळायला आता हळूहळू चाळीस वर्षांच्या हप्त्यांची अट लागू होतेय. आपल्यातले बरेच जण तिशी ओलांडून इकडे आलेत, त्यांनी बोटं मोजून बघावीत. मी मोजली. सहा वर्षं कमी पडतात.

राहिले वराडकर. २०१९ च्या डिसेंबरअखेरीस ते वडिलांच्या गावी, वराडला जाऊन आले, आपल्या पेपरांत फोटो आले, आणि पंधराएक दिवसांत इथे निवडणूक जाहीर केली. पेन्शनच्या वयाचा भडका त्यांच्याच काळात उडाला. धावपळ करून त्यांच्या फिना गेल पक्षाने मधल्या काळासाठी वेगळ्या भत्त्याचं आश्वासन दिलं, पण पक्ष ३५ जागांसह तिसरा आला. २०१८ मध्ये त्यांच्याच सरकारने नोकरदारांना आपोआप पेन्शन खात्यात घेणारी योजना २०२२ पर्यंत आणू म्हटलं होतं. ती सुरू झाली जानेवारी २०२६ मध्ये, तोवर त्यांनी पंतप्रधानपद सोडूनही दीड वर्षाहून जास्त झालं होतं. यातलं काहीच मी मूळ लेखात लिहिलं नव्हतं. सांभाळून घेतलं म्हणा हवं तर, खरं म्हणजे आळस केला.

मूळ लेखात 'बुडवले' खोडून 'वळवले' केलंय, आणि वराडकरांचा परिच्छेद जोडलाय. 'लोकांचा विजय' तसाच ठेवलाय.