'१६ के'चा पिकअप म्हणजे दुप्पट दणका?

गिटारवाल्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला कायम फिरत असतो: ब्रिजजवळ हंबकर, म्हणजे स्ट्रिंगच्या कंपनांचा विजेचा सिग्नल करणारा दोन कॉइलचा पिकअप, बसवायचाय? मल्टिमीटर लावा आणि किलोओहम (बोलीत 'के') बघा. ८ के म्हणजे मवाळ, ब्लूजपुरता. १६ के म्हणजे आउटपुट दुप्पट, मेटलला तोच. आता तर सेकंडहँड पिकअपच्या जाहिरातीत मीटरचा आकडा आधी दिसतो, पिकअप मागून. म्हशीच्या दाव्याची लांबी मोजून दूध किती देईल ते सांगण्यातला हा प्रकार.

'जास्त के, जास्त आउटपुट.' मीटर मोजतो तो तांब्याच्या तारेचा रोध, आणि तो तारेच्या लांबीइतकाच तिच्या जाडीवरही ठरतो. १९५५ साली अभियंता सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी घडवलेल्या हंबकरात ४२ गेजची तार असे. तसे पिकअप साधारण ७ ते ९ के भरतात. तेवढेच वेढे ४४ गेजच्या बारीक तारेने घाला, ८ चे जवळपास १३ के होतील. वेढे तेवढेच, चुंबक तोच, स्ट्रिंगपासूनचं अंतर तेच. मग आउटपुट वाढणार कुठून? सेमर डंकन या पिकअप कंपनीचा जेबी १६ केच्या वर जातो, त्यात ४४ गेजच्या तारेचा मोठा वाटा आहे. वेढेही जास्त आहेत, पण दुप्पट नक्कीच नाहीत.

याहून सरळ पुरावा त्याच कंपनीच्या यादीत आहे. कस्टम, कस्टम फाइव्ह आणि कस्टम कस्टम, तिघेही सुमारे १४ के. फरक चुंबकाचा: पहिल्यात सिरॅमिक, दुसऱ्यात अल्निको ५ (अल्निको म्हणजे अ‍ॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचं मिश्रण), तिसऱ्यात अल्निको २. मीटरला तिघे भावंडं वाटतात. अँपला लावा, पहिला धारदार आणि तिसरा चक्क मऊ.

'के वाढले की तोच आवाज फक्त मोठा होतो.' वेढे खरोखर वाढले तर इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला कॉइल करते तो विरोध, हेन्रीत मोजतात) वाढतो आणि ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, कमी होतात. केबल धरून ६०० पिकोफॅरड कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) पकडा: ४.४ हेन्रीच्या पिकअपचा रेझोनन्स (जिथे तो सर्वांत जोरात वाजतो ती वारंवारिता) ३.१ किलोहर्ट्झच्या आसपास येतो, ८ हेन्रीचा २.३ च्या. मिड्स, म्हणजे मधले सूर, पुढे येतात, वरची चमक जाते. हे कुणाला हवंच असतं, पण मग 'दणका' म्हणून विकू नका.

'मेटलला १६ केच्या खाली चालत नाही.' डिस्टॉर्शन अँपमध्ये तयार होतं. आउटपुट अगदी दुप्पट धरलं तरी फरक ६ डेसिबलचा, गेनचा नॉब थोडा फिरवला की भरून निघतो. आणि मेटलवाल्यांचा लाडका ईएमजी ८१? तो अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे विजेवर चालणारा, आत प्रीअँप (सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट), बाहेर ९ व्होल्टची बॅटरी. त्याच्या वायरींना मीटर लावून कॉइलबद्दल काहीच कळत नाही.

'आकडा जुळला नाही, म्हणजे माल नकली.' तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांच्या एसी दुकानात ८ के भरलेला पिकअप मे महिन्यात नागपुरात ४० अंशांना ८.६ भरेल. उलट गिटारच्या जॅकवरून मोजलात तर ५०० केचा व्हॉल्यूम पॉट (आवाजाच्या नॉबमागचा रोधक) समांतर येतो आणि १६.४ चे १५.९ दिसतात. एवढ्यावरून विक्रेत्याशी भांडलेले लोक आहेत.

नवा पिकअप मागवण्याआधी आहे त्याची उंची स्क्रू ड्रायव्हरने बदलून बघा. अर्ध्या फेऱ्याने पडणारा फरकही कानाला कळतो. तरीही घ्यायचाच असेल तर इंडक्टन्स, चुंबकाचा प्रकार आणि पोल पीसचं (स्ट्रिंगखालच्या लोखंडी खुंट्यांचं) आपसातलं अंतर विचारा. मीटर फेकू मात्र नका. एकाच मॉडेलचे दोन नग ताडून बघायला तो बरा, आणि आकडाच येत नसेल तर समजावं, आत कुठेतरी तार तुटली आहे.