लीज आणि छत्तीसचा आकडा

गाडीची लीज, म्हणजे ठरावीक महिने हप्ता भरून फायनान्स कंपनीची गाडी भाड्याने वापरायचा करार, मुदतीआधी मोडायची म्हणताय? छान. अमेरिकेत घर घेऊन झालं, बर्फ उपसून झाला, ग्रीन कार्डच्या रांगेत केस पांढरे करून झाले, हा एक सोहळा तेवढा राहिला होता. परवा न्यू जर्सीतल्या एका डीलरशिपमध्ये अख्खा शनिवार घालवून मी या विषयात जे ज्ञान कमावलं, ते तुम्हाला फुकट देते. डॉक्युमेंट फीसुद्धा लावणार नाही.

लीज मोडण्याची तयारी लीज घेतानाच सुरू करावी लागते. त्यासाठी आधी डीलरशिपमधला ‘आपला माणूस’ गाठा. तो सापडतोच. मंडळाच्या गणपतीत मोदकाच्या रांगेत कोणीतरी त्याचा नंबर देतंच. त्यातून तो मराठी निघाला तर सोन्याहून पिवळं. “ताई, पुण्याच्या का? पुण्यात कुठे?” अजून किमतीचा विषयही निघालेला नसतो. “कर्वेनगर? अहो, माझी मावशी तिथेच!” एकदा मावशी निघाली की पुढचं सगळं सोपं. जुन्या लीजचे उरलेले पाच हप्ते? “ते आम्ही भरतो ना, ताई.” आईबाबा भारतात परत गेले आणि एवढी मोठी गाडी नकोशी झाली तर? “वर्षाने घेऊन या, छोटी देतो. एक डॉलर लागणार नाही.” दुसरी किल्ली? “मागवलीये.” हे सगळं लिहून देता का, असं चुकूनही विचारू नका. त्याला वाईट वाटतं. माझ्या नवऱ्याने विचारलं, तर बिचाऱ्याचा चेहराच पडला. “दादा, आपल्या माणसावर विश्वास नाही?” मग दादाच ओशाळले.

मनी फॅक्टर, म्हणजे लीजवरच्या व्याजाचा वेषांतर केलेला दर, विचारू नका. ०.००२४५ या आकड्यात इतकी शून्यं आहेत, की त्याला घाबरायचं काय? २४०० ने गुणलंत तर ५.८८ टक्के व्याज निघेल आणि उगाच मूड जाईल. फायनान्स कंपनीच्या दरावर डीलर आपला वाटा चढवू शकतो, आणि हा आकडा करारात छापायची सक्ती कायद्यात नाही. ज्याची सक्ती नाही ते सांगत बसण्याइतका वेळ शनिवारी कोणाला असतो?

टायरमध्ये डीलरकडून पैसे मोजून नायट्रोजन भरून घ्या. बाहेरच्या हवेत तो फक्त ७८ टक्केच असतो.

फायनान्सच्या खोलीत शक्यतो संध्याकाळी सातनंतर शिरा, पोरं भुकेने किरकिर करायला लागल्यावर. म्हणजे सह्या भराभर होतात. त्या लांबलचक कागदावर एक चौकट असते. १९७६ च्या ग्राहक लीज कायद्यामुळे ती छापावीच लागते. तिच्यात सरळ लिहिलेलं असतं, की ही लीज मुदतीआधी संपवलीत तर कदाचित मोठी रक्कम भरावी लागेल, ती काही हजार डॉलरपर्यंत जाऊ शकते, आणि जितक्या लवकर संपवाल तितकी ती जास्त असण्याची शक्यता. त्या चौकटीवर नेमकी समोरच्या माणसाची कॉफी ठेवलेली असते. आणखी खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, दुसरं एक कलम असतं. हा कागद म्हणजेच संपूर्ण करार, याखेरीज कोणी तोंडी काही बोललं असेल तर ते धरलं जाणार नाही. म्हणजे मावशी गेली. छोटी गाडी गेली. किल्ली गेली.

राहिले जुने पाच हप्ते. ते मात्र त्यांनी भरले बरं का! दिलेला शब्द पाळला. ३१० डॉलरचा एक, असे १,५५० डॉलर त्यांनी जुन्या कंपनीला चोख पाठवले आणि माझ्या नव्या गाडीच्या किमतीत मिळवले. ‘आधीच्या लीजची बाकी’ अशी ओळही तिथे आहे. म्हणजे महिन्याला त्रेचाळीस डॉलर, वर व्याज. माझेच पैसे, माझ्याच नावावर कर्जाऊ, आणि वर “आम्ही भरतो, ताई.” आम्ही!

असो. आता प्रत्यक्ष सुटण्याच्या वाटांकडे येऊ.

एक वाट तुम्हाला प्रत्येक पार्टीत कोणीतरी काका सांगतील, “तीन दिवसांत परत करता येते हो, कायदाच आहे.” आहे. तो घरी येऊन वस्तू गळ्यात मारणाऱ्यांसाठी आहे. सोफ्यावर बसून घेतलेला व्हॅक्यूम क्लीनर त्यात परत जातो. डीलरच्या दुकानात जाऊन घेतलेली गाडी जात नाही. काकांना हे सांगितलं तर काका म्हणतात, “विचारून तर बघ.”

दुसरी वाट, लीज दुसऱ्याच्या नावावर करणे. काही कंपन्या हे करूच देत नाहीत. काही देतात, फी घेऊन, आणि तुमचं नाव जामीनदारासारखं मागे लटकत ठेवतात. मग कोणी अनोळखी गृहस्थ तुमची गाडी चालवतो आणि त्याने हप्ता चुकवला की फोन तुम्हाला येतो.

तिसरी वाट, दुसऱ्या डीलरला विकणे. २०२१ मध्ये जुन्या गाड्यांचे भाव आभाळाला टेकले तेव्हा लोकांनी लीजच्या गाड्या अशाच विकून चार पैसे केले. ग्राहकाला चार पैसे मिळतात म्हटल्यावर बऱ्याच फायनान्स कंपन्यांनी ते दारच बंद केलं. अशा कंपनीची गाडी विकायची तर त्याच ब्रँडच्या डीलरला, म्हणजे फिरून त्याच काचेच्या दुकानात.

चौथी, किल्ली टेबलावर ठेवून सरळ चालू लागणे. हिशेब सोपा आहे. छत्तीसपैकी चौदा हप्ते झालेत, हप्ता ४६५. उरलेल्या बावीस हप्त्यांचे १०,२३०. त्यात मुदतीअखेर गाडीची धरलेली किंमत २१,००० मिळवा, न झालेलं व्याज वजा करा, साधारण २८,५०० राहतात. लिलावात गाडीचे २३,००० आले तर फरक तुमच्या माथी. साडेपाच हजार डॉलर.

रुपयांत करून बघू नका.

नोकरी गेलेल्या एच-वन-बीवाल्यांसाठी वेगळा सल्ला नाही. देश सोडायला साठ दिवस, गाडी सोडायला छत्तीस महिने.

पाचवी वाट राजमार्ग, म्हणजे मॅनेजरला भेटणे. माझं ऑफिस जर्सी सिटीला हललं. आता मी ट्रेनने जाते (ट्रेनबद्दल इथे बोलत नाही, रक्तदाब एकाच विषयापुरता पुरवून वापरायचाय). आईबाबाही परत गेले. सात सीटची गाडी ड्राइव्हवेत उभी. म्हणून म्हटलं, ठरल्याप्रमाणे छोटी घेऊ या. गेले तर ‘आपला माणूस’ तिथे नाहीच. “ही इज नो लाँगर विथ अस.” आवाज असा, की क्षणभर मला दुखवट्याचे दोन शब्द बोलावेसे वाटले. मग मॅनेजर आले. त्यांनी एक कोरा कागद घेतला, दोन घड्या घालून झालेल्या चार चौकोनांत जाड काळ्या मार्करने आकडे लिहिले आणि हसून विचारलं, आज महिन्याला किती देऊन तुम्हाला आनंद होईल? मी म्हटलं, मला आनंद नकोय, छोटी गाडी हवीये, तसं ठरलं होतं. “लेखी काही आहे?” आहे. मी मेसेज दाखवला. मी विचारलं होतं, जुने हप्ते तुम्ही भरणार आणि वर्षाने छोटी गाडी बिनखर्चाची देणार, बरोबर ना? त्यावर आपल्या माणसाचं उत्तर होतं एक अंगठा. पिवळा. वर केलेला. मॅनेजर त्या अंगठ्याकडे चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले आणि म्हणाले, याचा अर्थ “मेसेज पोचला” असाही होऊ शकतो. मग ते त्यांच्या मॅनेजरला विचारायला गेले. मॅनेजरलाही मॅनेजर असतो, तो कधी दिसत नाही. बराच वेळ मी मशीनची कॉफी पीत भिंतीवरची ‘वर्षातील सर्वोत्तम ग्राहकसेवा’ची ढाल वाचली. आमचे मॅनेजर परत आले ते प्रस्ताव घेऊन. छोटी गाडी मिळेल, एकोणचाळीस महिन्यांसाठी, आधीचे साडेपाच हजार त्यात घालून. हप्ता? सध्याच्यापेक्षा जास्त. छोट्या गाडीला! “पण ताबडतोब सुटका होईल.” कशातून सुटका? कोणापासून? समोर बसून, कोट घालून, एवढं निर्लज्ज वाक्य बोलायला यांना शिकवतं कोण?

आणि सरकारला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने डीलरांसाठी नियम काढला होता, की किंमत खरी सांगा, खोटी आश्वासनं देऊ नका, निरुपयोगी वस्तू गळ्यात मारू नका. खोटं बोलू नका हे यांना सरकारने नियम काढून सांगायचं! डीलरांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये अपील कोर्टाने नियम रद्द केला. कारण काय, तर नियम आणण्याआधी कमिशनने रीतसर पूर्वसूचना दिली नव्हती. पूर्वसूचना हवी होती यांना! मला “आधीच्या लीजची बाकी”ची पूर्वसूचना कोणी दिली होती?

आता उपाय वगैरे बास. नीट ऐका. डीलर जे जे देतो म्हणेल ते ‘वी ओ’च्या (We Owe, म्हणजे ‘आम्ही देणं लागतो’च्या) कागदावर लिहून घ्यायचं, मॅनेजरच्या सहीनिशी, आणि तो कागद हातात आल्याशिवाय बाकी कशावर सही करायची नाही. लिहून देत नसेल तर उठायचं, मग त्याची मावशी कर्वेनगरला राहो नाहीतर तुमच्या माजघरात. सही करून बसला असाल तर मेसेज, ईमेल, मार्करचा कागद, काहीही फेकू नका. न्यू जर्सीत फसवणूक सिद्ध झाली तर नुकसानीच्या तिप्पट भरपाई आणि वकिलाची फी मिळण्याची तरतूद आहे, पण करारात लवादाचं कलम असेल तर आधी ते वाचून वकील गाठा. राज्याच्या ग्राहक विभागाकडे तक्रार करायला पैसे पडत नाहीत. मी केली आहे, अंगठ्याच्या स्क्रीनशॉटसकट.

आणि मंडळातल्या ज्या सज्जनांनी मला तो नंबर दिला, त्यांना आता कळलं असेलच, की मला गिफ्ट कार्डाबद्दल कळलं आहे. माणूस पाठवला की एक कार्ड, हो ना? घ्या, लखलाभ. पण परवाच हैदराबादहून नवऱ्यासोबत आलेल्या, अजून क्रेडिट स्कोअरही नसलेल्या मुलीला तुम्ही ग्रुपवर लिहिलंत, “गाडीचं माझ्यावर सोड, आपला माणूस आहे.” तो मेसेज काढून टाका. आजच. नाहीतर त्याखाली मी माझा करार पानापानाने टाकणार आहे.