‘दुखेपर्यंत चावा’ हा सल्ला जबड्याचं नुकसान करतोय

फॅमिली ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. त्याचं म्हणणं असं: जबडा दुखतो तो कमजोर असतो म्हणून. कडक च्युइंगम किंवा रबरी गोळा रोज अर्धा तास, दुखेपर्यंत चावा, म्हणजे सुस्त पडलेला जबडा जागा होईल. बायकांना हे दुखणं जास्त, कारण त्यांचा जबडा नाजूक आणि सहनशक्ती कमी.

मी दातांची डॉक्टर आहे. हा मेसेज वाचून महिनाभर गोळा चावत राहिलेली 26 वर्षांची मुलगी मागच्या आठवड्यात माझ्याकडे आली. तोंड उघड म्हटलं तर तिची दोन बोटंच कशीबशी आत जात होती. एरवी तीन सहज जायला हवीत. गालावर, मॅसेटर या चावण्याच्या स्नायूवर, नुसतं बोट टेकवलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आधी ‘सुस्त’ हा शब्द. हनुवटीवर हलकी टिचकी मारली की मॅसेटर ताणला जातो आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत आकुंचन पावतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया डोळ्यांना जेमतेम दिसते, पण स्नायूवर इलेक्ट्रोड लावले की स्पष्ट नोंदते. डेन्मार्कच्या ऑलबोर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी माणसांच्या मॅसेटरमध्ये तीव्र मिठाचं पाणी टोचून तात्पुरती वेदना निर्माण केली. तेव्हा ही प्रतिक्रिया मंदावली नाही, उलट वाढली. म्हणजे दुखरा जबडा झोपलेला नसतो, तो आधीच दचकलेला असतो. त्याला आणखी कसलं जागं करायचं?

मग जोर का कमी पडतो? कारण शरीर हात आखडता घेतं. जेम्स लुंड हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये हेच मांडलं: दुखऱ्या स्नायूचा जोर आणि हालचाल कमी होते ती त्याला जपण्यासाठी. भातात खडा लागल्यावर काय होतं ते आठवा. आपल्याला कळायच्या आत चावणारे स्नायू क्षणभर गप्प होतात, म्हणून दात वाचतो. ही राखण मोडून ‘दुखेपर्यंत चावा’ म्हणणं मला धोक्याचं वाटतं. आणि थकवा म्हणजे वेदना नव्हे. नुसता थकलेला निरोगी जबडा विश्रांती दिली की लवकर सावरतो. दिवसचे दिवस दुखतो त्याचं कारण वेगळं शोधावं लागतं.

बायकांविषयीच्या वाक्याचा मला खरा राग आहे, कारण ते ऐकून मुली महिनोन् महिने गप्प बसतात. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्लुटामेट हे रसायन मॅसेटरमध्ये टोचलं, तेव्हा स्त्रियांनी पुरुषांपेक्षा जास्त वेदना सांगितली. त्याच अभ्यासात उंदरांच्या मॅसेटरमधल्या चेतातंतूंची नोंदही घेतली होती. तिथेही माद्यांचे तंतू नरांपेक्षा जास्त पेटले. उंदराची मादी काही कौतुक करून घ्यायला कण्हत नाही. 2003 मध्ये याच चमूने दाखवलं, की या वेदनेचा जबड्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेवरचा परिणामही स्त्री-पुरुषांत सारखा नसतो. फरक चेतासंस्थेत आहे, त्याला नाजूकपणा म्हणू नका. पुरुषांच्या चाव्याचा जोर सरासरीने जास्त असतो, हे खरं. पण हातापायांच्या स्नायूंवरच्या अभ्यासांत, आपापल्या कमाल ताकदीच्या ठरावीक हिश्श्याने स्नायू आवळून धरायला सांगितलं, तर बहुधा स्त्रियाच जास्त वेळ टिकतात.

जबडा उघडताना होणारा ‘कट-कट’ आवाज मेसेजमध्ये ‘सांधा निसटतोय’ म्हणून सांगितला आहे. दुखत नसेल आणि तोंड अडकत नसेल, तर बहुतेकदा त्याला उपचारच लागत नाहीत.

त्या मुलीला गोळा टाकून द्यायला सांगितलं. काही दिवस मऊ भात, वरण. चणे, ऊस, च्युइंगम बंद. गालाला कोमट शेक. आणि दिवसभर एक लक्ष: ओठ मिटलेले, दात सुटे. जेवताना आणि गिळताना सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायचं कारणच नसतं.

मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर त्यात नसलेली ही ओळ आधी घाला: जबड्याच्या दुखण्यासोबत छातीत दाब, धाप, घाम किंवा हातात कळ असेल, तर दातांच्या डॉक्टरकडे येऊ नका, लगेच 108 ला फोन करा. हृदयविकाराचा झटका जबड्यातही दुखतो.